डाइव्हच्या शेवटी अंग वर निघतं, त्याआधी फिन्स प्रवाळाला घासतात: दर वेळी होणारा हा त्रास कसा घालवायचा

तक्रार साधारण अशी असते. स्कूबा डाइव्ह सुरू करताना खालीच जाता येत नाही. एकदा खाली गेलं की अंग जड वाटतं, मग तोल साधायच्या जॅकेटमध्ये टाकीतली हवा भरा, काढा, पुन्हा भरा असं चालू राहतं. रीफच्या, म्हणजे प्रवाळखडकाच्या, कडेने जाताना पाय खाली लोंबतात आणि फिन्सची, म्हणजे पायांतल्या रबरी पंखांची, टोकं प्रवाळाला लागतात. शेवटी टाकीत ६०-७० बार (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) उरलेले असताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे सेफ्टी स्टॉप करायचा, तर अंग आपोआप वर निघतं. "पुढच्या वेळी अजून एक किलो घेतो," म्हणत माणूस बोटीवर चढतो. पुढच्या वेळी तोच त्रास, जरा जास्तच.

या चारही तक्रारी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन मिळतात: बुडण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात बांधलेलं, गरजेपेक्षा जास्त शिसं. आणि ते जास्तीचं शिसं डाइव्हच्या फक्त पहिल्या दोन मिनिटांसाठी घेतलेलं असतं.

सोबतच्या डायव्हरांमध्ये मी हे वर्षानुवर्षं पाहत आलोय, आणि त्याआधी हा त्रास माझा स्वतःचा होता. सुरुवातीच्या दिवसांत एका उथळ रीफवर, जेमतेम सात मीटर पाण्यात, समुद्रफुलात शिरणारा-निघणारा क्लाउनफिश बघत मी थांबलो होतो. थांबलो होतो म्हणजे पाय मारत जागेवर राहायची धडपड चालली होती. 'कट्' असा आवाज आला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे ऐकू स्पष्ट येतं पण दिशा कळत नाही. मी वळून पाहिलं तर सांबरशिंगासारख्या प्रवाळाची वीतभर फांदी वाळूत पडली होती. मोडलेलं टोक खडूसारखं पांढरं. त्या फांद्यांत राहणारे निळे डॅमसेल मासे एका झटक्यात आत घुसले होते आणि आता एकेक करून बाहेर डोकावत होते. असं शाखांचं प्रवाळ वर्षाला साधारण १० ते २० सेंटीमीटर वाढतं, म्हणजे ती वीत एक-दोन वर्षांची होती. घुमटासारखं भरीव पोराइटीस जातीचं प्रवाळ असतं, तर वर्षाला सेंटीमीटरभर या वेगाने तेवढी उंची भरून यायला वीसएक वर्षं लागली असती. त्या दिवशी माझ्या पट्ट्यात दहा किलो होते. आज त्याच जाडीच्या वेटसूटमध्ये, म्हणजे डाइव्हच्या रबरी पोशाखात, मी सहा घेतो.

आधी सुरुवातीची दोन मिनिटं

पाण्यावर तरंगत असताना माणूस थोडा तरी धास्तावलेला असतो. दहा वर्षं डाइव्ह करणाराही नव्या जागी असतो. धास्तावलेली छाती भरलेली राहते, श्वास अर्धवटच सुटतो. गच्च भरलेली छाती आणि शांतपणे रिकामी केलेली छाती यांत तीन-चार लिटरचा फरक सहज पडतो, आणि समुद्राच्या पाण्यात एक लिटर हवा म्हणजे सुमारे एक किलोची उचल. त्यात दिवसाच्या पहिल्या डाइव्हला वेटसूट कोरडा असतो, त्याच्या घड्यांत हवा अडकलेली असते, जॅकेटच्या खिशांत आणि गादीतही असते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पाय. उभ्या अवस्थेत, खाली जायचं असताना, पाय नकळत चालूच राहतात आणि प्रत्येक लाथ अंगाला वर ढकलते.

यावर दोन किलो शिसं वाढवणं हा सोपा इलाज. माणूस बुडतो, वेळ वाचतो. पण ते दोन किलो पुढची ४५ मिनिटं रीफवर सोबत फिरतात.

त्याऐवजी असं करून बघा. पाण्यात उतरल्यावर मिनिटभर नुसतं तरंगा, वेटसूटची मान ओढून आत पाणी जाऊ द्या. डावा खांदा जरा उंच करा, इन्फ्लेटरची, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या-सोडायच्या बटणांची, नळी डोक्यावर सरळ धरा आणि हवा सोडा. पायांची घडी घाला, अगदी खरोखर एकावर एक. मग श्वास सोडा, सोडत राहा, आणि संपला असं वाटल्यावर अजून थोडा सोडा. पुढचा श्वास छोटा घ्या. शरीराला बुडायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात घाबरून मोठा श्वास घेतला की सगळं मुसळ केरात. पहिले दोन-तीन मीटर गेले की वेटसूटमधले बुडबुडे दाबले जातात आणि पुढे सोपं होतं. कान मात्र पहिल्या मीटरपासून मोकळे करत राहायचे. अडले तर मीटरभर वर यायचं, जोर लावायचा नाही.

जास्तीचे चार किलो पाण्यात काय करतात

समजा गरज सहा किलोंची आणि पट्ट्यात दहा आहेत. ते चार किलो तोलायला जॅकेटमध्ये चार लिटर जास्तीची हवा लागते. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथून १० मीटरवर आलात की दाब दुप्पट उरतो, आणि रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार तीच हवा सहा लिटर होते. पाच मीटरवर आठ लिटर. म्हणजे हवा सोडली नाही तर सेफ्टी स्टॉपला पोचेपर्यंत तुम्ही चार किलोंनी हलके झालेले असता. पाच मीटरवर अंग वर ओढणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते, आणि ती शिसं जास्त घेतल्यामुळे आलेली असते. त्यावर अजून शिसं घेतलं की अजून हवा, अजून ओढ.

गंमत उथळ पाण्यात सगळ्यात जास्त. १० मीटरवरून ८ मीटरवर आलात तर जॅकेटमधली एक लिटर हवा फक्त एक दशांशाने फुगते, ते श्वासानेही सावरता येतं. पाच लिटर असतील तर अर्धा किलोहून जास्त उचल लागते आणि हात इन्फ्लेटरकडे जातो. रीफचा सर्वांत सुंदर भाग बहुधा याच उथळ पाण्यात असतो, कारण प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांना ऊन लागतं. म्हणजे जिथे तोल सांभाळणं सगळ्यात अवघड, तिथेच मोडण्यासारखं सगळ्यात जास्त.

१९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली टाकीतून श्वास घ्यायचा अ‍ॅक्वालंग बनवला तेव्हा असलं हवेचं जॅकेट नव्हतंच. ते लोक शिसं तोलूनमापून घेत, कारण चूक झाकायला काही साधन नव्हतं. मला हे नेहमी आठवावंसं वाटतं.

मग नेमकं किती

टाकीचा हिशेब विसरू नका. नेहमीची ११ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी २०० बारला भरली की तिच्यात सव्वादोन हजार लिटरच्या आसपास हवा असते. त्यातले १५० बार तुम्ही श्वासातून वापरता, म्हणजे साधारण दोन किलो हवा कमी होते. सुरुवातीला किंचित जड असलेली ही टाकी शेवटी तरंगायला लागते. म्हणून वजनाची परीक्षा भरल्या टाकीने घेऊन उपयोग नाही. ती डाइव्ह संपल्यावर, टाकीत ५० बार असताना घ्यायची.

पाणी शांत असेल तर बोटीजवळ पृष्ठभागावर उभे राहा, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडातच, जॅकेट पूर्ण रिकामं, पाय स्थिर. नेहमीसारखा अर्धा श्वास धरलेल्या क्षणी पाण्याची रेघ मास्कच्या मध्यावर, डोळ्यांच्या उंचीला यायला हवी. श्वास सोडला की हळूहळू डोकं खाली जायला हवं. हनुवटी वर राहिली तर एक किलो वाढवा. अर्ध्या श्वासालाच डोकं बुडालं तर एक किलो काढा. भरल्या टाकीनेच बघायची वेळ आली तर मिळालेल्या आकड्यात दोन किलो वाढवायचे.

एका वेळी एकच किलो बदला. माणसं एकदम तीन काढतात, पुढच्या डाइव्हला शेवटी वर तरंगतात आणि मग परत सगळे घेतात. वेटसूट तीनऐवजी पाच मिलिमीटरचा घेतलात, नवा घेतलात किंवा अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्टीलची टाकी मिळाली तर आकडा बदलणारच. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी साधारण बुडीतच राहते, त्यामुळे शिसं कमी लागतं. गोड्या पाण्यात शिकलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं: समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि सगळं सामान मिळून १०० किलो असाल, तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतील. हा एवढा एकच फरक खरा आहे, चार-पाच किलोंचा नाही.

पाच मीटरवर वर निघालात तर आधी एवढं बघा

जॅकेटमध्ये हवा आहे का? नळी उंच धरा आणि पूर्ण सोडा. बुडबुडे निघाले आणि अंग थांबलं, तर शिसं कमी पडलेलं नव्हतं, हवा सोडायला उशीर झाला होता. जॅकेट खरोखर रिकामं, टाकीत ५० बार, श्वास शांत, आणि तरीही वर जाताय, तरच वजन कमी आहे. हा फरक न करता शिसं वाढवणं ही मी पाहिलेली सगळ्यात नेमाने होणारी चूक आहे.

'पूर्ण सोडा' म्हणतानाही एक खोच आहे. हवा जॅकेटच्या सर्वांत उंच कोपऱ्यात जाऊन बसते. आडवं पोहताना ती पाठीवर असते आणि नळीचं तोंड खाली, त्यामुळे बटण दाबलं तरी काही निघत नाही. एक तर पाठीमागे कमरेशी असलेल्या डंप व्हॉल्व्हची, म्हणजे हवा सोडायच्या झडपेची, दोरी ओढा, कंबर जरा उंच करून. नाहीतर उभे व्हा, डावा खांदा वर घ्या, मग नळी. डोकं खाली करून पोहणारे डायव्हर खांद्याच्या व्हॉल्व्हमधून हवा काढत बसतात आणि वर जात राहतात.

काही केल्या थांबत नसेल तर हातपाय पसरून आडवे व्हा, पाण्याचा अडसर वाढतो, आणि श्वास सतत चालू ठेवा. वर जात असताना श्वास कधीच कोंडायचा नाही. भरल्या छातीने मीटर-दोन मीटर वर येणंही फुप्फुसाला इजा करू शकतं. वर यायचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत हवा.

पाय खाली का लोंबतात

रीफपासून दूर, मोकळ्या निळ्या पाण्यात एक साधी परीक्षा करा. पोहता पोहता पाय मारणं एकदम थांबवा. काही करू नका, फक्त श्वास घ्या आणि दहा सेकंद बघा. खाली जायला लागलात तर इतका वेळ पायांच्या जोरावर तरंगत होता. तिरप्या अंगाने मारलेली लाथ पुढे नेते तशी वरही उचलते. वर जातोय म्हणून तुम्ही हवा काढता, जड होता, म्हणून पाय अजून जोरात मारता. काही बघायला थांबलात की पाय थांबतात आणि तुम्ही खाली, प्रवाळावर. माझी फांदी अशीच मोडली होती.

थांबल्यावर पाय खाली आणि डोकं वर असं फिरत असाल, तर शिसं चुकीच्या जागी आहे. सगळं कमरेला असेल तर त्यातलं एक-दोन किलो टाकीच्या वरच्या पट्ट्याला किंवा जॅकेटच्या पाठीमागच्या छोट्या खिशात हलवा. टाकी चार बोटं वर सरकवून बांधली तरी बराच फरक पडतो. पट्ट्यात झटकन सोडता येण्यासारखं वजन थोडं तरी राहिलं पाहिजे, अडचणीत ते टाकून देता यायला हवं. सायकलसारखे पाय मारायची सवय असेल तर बेडकासारखी लाथ शिकून घ्या: गुडघे वाकलेले, फिन्स वर, पाणी मागे. वाळू उडत नाही.

वाळू उडाली तर काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. प्रवाळाचा एकेक जीव काही मिलिमीटरचा, आणि सांगाड्यावर त्याच्या मांसाचा थर अगदी पातळ. अंगावर पडलेली माती त्याला चिकट द्रव सोडून झटकावी लागते, त्यात त्याची शक्ती जाते. पाणी तापल्याने पांढरं पडलेलं प्रवाळ तर आधीच उपाशी असतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडण्याची, चौथी लाट जाहीर झाली. अशा वेळी आपल्या फिनचा ओरखडा म्हणजे आजाऱ्यावर घाव.

श्वास हा छोटा इन्फ्लेटर

वजन बरोबर झालं की उरलेलं काम श्वासाचं. वर चढायचं तर जरा भरलेल्या छातीने श्वास, खाली यायचं तर जरा रिकाम्या. दीड-दोन किलोंची उचल यात सहज मिळते. पण परिणाम दोन-तीन सेकंद उशिराने येतो. वाळूतून उंच उठलेला प्रवाळाचा ढिगारा समोर दिसला की तिथे पोचायच्या आधीच श्वास घ्यायचा, वर पोचल्यावर नाही. इन्फ्लेटरचं बटण दाबायचं तर टिचकीएवढं, मग थांबून बघायचं.

जास्त हवा संपते ही तक्रारही बहुतेकांची याच दुरुस्तीत कमी होते. जॅकेट सारखं भरणं-काढणं टाकीतूनच होतं, आणि तिरपं अंग पाण्यातून ओढायला दम लागतो.

जॅकेट आपोआप भरत असेल

वजन बरोबर, श्वास बरोबर, तरी दर काही मिनिटांनी हवा काढावी लागते? मग इन्फ्लेटर तपासा. बटणाच्या आत मिठाचे खडे बसले की झडप पूर्ण मिटत नाही आणि हवा थेंबाथेंबाने आत येत राहते. किनाऱ्यावर टाकी उघडा, नळी जोडा, जॅकेट रिकामं करा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. फुगलं तर त्या दिवशी ते वापरू नका, दुरुस्तीला द्या. पाण्यात असं झालं तर नळीचा जोड काढून टाका आणि गरजेपुरती हवा तोंडाने भरा. हा जोड हातमोजा घालून, डोळे मिटून काढायचा सराव किनाऱ्यावरच झालेला असावा. दर डाइव्हनंतर गोडं पाणी बटणावर तर ओताच, आतही घालून हलवून काढा.

रीफवर तोल नसण्याचे इतर धोके

गुडघे टेकून थांबायची सवय असेल तर ती आधी सोडा. स्टोनफिश अगदी शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवरचे विषारी काटे पातळ वेटसूट भेदतात. लागलाच तर वर आल्यावर तो भाग सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात ठेवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. फायर कोरल पिवळसर-तपकिरी, टोकांना पांढरट असतं. नाव कोरल असलं तरी ते खऱ्या प्रवाळांतलं नाही, आणि उघडी पोटरी लागली की चटका बसतो.

टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असेल तर त्याच्या मालकीची जागा घरट्यापासून वर वर रुंद होत जाते, उलट्या शंकूसारखी. त्याने पाठलाग केला तर वर पळायचं नाही, खालीच राहून आडवं दूर जायचं. ज्याचं अंग आपोआप वर जातं त्याला हे जमत नाही.

कॅमेरावाल्यांसाठी एक गोष्ट. पिग्मी समुद्रघोडा, हिप्पोकॅम्पस बार्गिबांती, दोन-अडीच सेंटीमीटरचा, ज्या पंख्यासारख्या प्रवाळावर राहतो त्याच्या गाठींसारख्याच गाठी त्याच्या अंगावर असतात. १९६९ साली तो सापडला तोही तो पंखा तपासताना. त्याचा फोटो काढताना माणसं एका हाताने तोच पंखा धरतात. तोल साधेपर्यंत कॅमेरा बोटीवर ठेवा. दहा-बारा डाइव्ह पुरतात.

आणि नोंदवहीत दर वेळी पाच गोष्टी लिहा: किती किलो, कुठे बांधले, वेटसूट किती जाडीचा, टाकी कशाची, आणि ५० बारला पाच मीटरवर जॅकेट रिकामं असताना अंग वर गेलं, खाली गेलं की थांबलं. चार डाइव्हच्या नोंदी झाल्या की बोटीवर कोणी "किती देऊ?" विचारलं तर आकडा तुमचा असेल.